बियाणे कोणाचे?

दुर्ग-भिलाईचे नाव उच्चारताच पोलादाच्या भट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या परिसराची कीर्ती देशभर पसरली. परंतु पद्मनाभपूरसारख्या वसाहती मागे टाकून थोडे पुढे गेले की चहूकडे धानाच्या बांध्या लागतात. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली असलेला हा छत्तीसगड ‘धानाचा कटोरा’ म्हणून ओळखला जातो. सजीवाच्या गुणधर्मांत मनुष्याने हात घालावा काय, घातल्यास कोणत्या मर्यादेत, हा आजचा मोठा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना या कटोऱ्याचा अलीकडचा इतिहास फार उपयोगी पडतो.

अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी येथील शेतकरी पानांच्या द्रोणातून धान ठाकूरदेवापुढे ठेवतो आणि मग पेरणीच्या हंगामास लागतो. पिढ्यान्‌पिढ्या अशी निवड आणि जपणूक होत गेली, म्हणूनच दुबराज, जीराफूल, विष्णुभोग यांसारखे सुवासिक वाण या मातीत टिकले. कोणते बियाणे पाण्याचा ताण सोसते, कोणते पाणथळ बांधीत तग धरते, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते शेतकऱ्यांच्या कणगीत होते.

या कणग्यांचे मोल ओळखणारा शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया. १९५९ मध्ये ते कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. परदेशी वाण रोगतपासणीवाचून देशात आणू नयेत आणि देशी वाणांचा संग्रह सहजासहजी बाहेर जाऊ देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यापायी त्यांना ते पद गमवावे लागले. पुढे १९७० नंतरच्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत राहून त्यांनी गावोगावचे हजारो वाण गोळा केले. ती संस्थाही बंद पडली. संग्रह मात्र वाचला आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या स्वाधीन झाला. त्यात १९,००० हून अधिक नमुने होते.

दरम्यान जगात एक नवी विद्या उदयास आली होती. १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्यात बसवून दाखवले. या शक्तीचे भान येताच शास्त्रज्ञांनी काही प्रयोग स्वतःहून थांबवले आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे एकत्र येऊन दक्षतेचे नियम ठरवले. शोध लावणाऱ्यांनीच आपल्या शोधाला आधी बांध घालावा, हे उदाहरण विरळाच.

आपल्या देशात २००२ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण ठरले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये बीटी कापसास सरकारी परवानगी मिळाली. हे बियाणे जालन्याच्या महिको कंपनीने मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या तंत्राने सिद्ध केले होते. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात आल्यामुळे झाड स्वतःच बोंडअळीला मारक ठरू लागले. आरंभीच्या वर्षांत बोंडअळीवरची फवारणी पुष्कळ घटली. परंतु निसर्गही स्वस्थ बसत नाही. बीटी कापसाभोवती साध्या कापसाचे तास पेरावे, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर वाढणार नाही, असा नियम होता. तो बहुतेक शेतांत पाळला गेला नाही. गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापसाची अपरिमित हानी झाली. शिवाय हे बियाणे संकरित असल्यामुळे घरचे सरकीचे बी ठेवण्याची सोय उरली नाही. दरवर्षी बियाणे विकत घेणे आले. वास्तविक हा दोष जनुकाचा नव्हे, संकरित वाणाच्या व्यवहाराचा होय. पण शेतकऱ्याच्या वाट्याला दोन्ही एकाच पाकिटातून आले.

त्याच २००२ साली रायपुरात दुसरे प्रकरण घडले. सिंजेंटा या स्विस कंपनीशी कृषी विद्यापीठाने करार करण्याचे योजले. रिछारियांचा संग्रह संशोधनासाठी खुला व्हावा आणि त्यातून निघणाऱ्या वाणांवर विद्यापीठास स्वामित्वधन मिळावे, असे त्याचे स्वरूप होते. ही बातमी फुटताच शेतकरी आणि नागरिक प्रक्षुब्ध झाले. ज्यांच्या कणग्यांतून हे दाणे आले, त्यांना कोणी विचारले होते काय? डिसेंबरमध्ये कंपनीने माघार घेतली.

येथे एक विवेक राखला पाहिजे. विरोध विज्ञानाला नव्हता, गुप्ततेला होता. विदर्भातीलच शेतकऱ्यांनी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे मान्यता नसलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला आणि नव्या तंत्राचे स्वातंत्र्य मागितले. शेतकरी नव्याला भितो, हा समज म्हणूनच खरा नाही. आपल्यावाचून आपल्याविषयी निर्णय व्हावा, हे त्याला रुचत नाही.

कायद्यानेही हे काही अंशी मान्य केले आहे. २००१ च्या कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क शेतकऱ्यास दिला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने परदेशी कंपन्यांना परवानगीचे बंधन घातले. आता मे २०२५ मध्ये ‘कमला’ हे धानाचे जनुक-संपादित वाण जाहीर झाले आहे. हैदराबादच्या सरकारी भात संशोधन संस्थेने सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात, परके जनुक न ठेवता, त्याच्याच जनुकात बारीक फेरफार करून ते घडवले. अशा वाणांना २०२२ पासून जैवसुरक्षेच्या काही कडक तपासण्यांतून सूटही आहे. त्यामुळे शास्त्रज्ञांची वाट सुकर झाली, तशी त्यांची जबाबदारीही वाढली.

कोणत्याही नव्या वाणाला, मग ते सरकारी असो वा खाजगी, तीन प्रश्न विचारावे. त्याचा लाभ शेतात सिद्ध झाला आहे काय? हानी दिसू लागल्यास तिच्यावर नजर ठेवणारा कोणी आहे काय? आणि त्याच्या मुळाशी असलेल्या दाण्याचे श्रेय व मोल मूळ धन्यास पोचते काय? विदर्भाने दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोजली. छत्तीसगडाने तिसरा प्रश्न वेळीच विचारला. जनुक कापण्याची कात्री प्रयोगशाळेत घडते, पण ती ज्या दाण्यावर चालते तो दाणा असंख्य अनामिक हातांनी घडवलेला आहे. त्या हातांचा हिशेब कराराच्या पहिल्याच पानावर असणे, हीच या नव्या विद्येची खरी नीती होय.