कुलकर्णी हे आडनाव आहे का?

मंडळी, आमच्या घरात एक जुना दावा आहे. 'आपण मुळात कुलकर्णी नव्हेच, आपलं खरं आडनाव वेगळं, आणि आपण एका मोठ्या सरदार घराण्याचे भाऊबंद,' असं आमचे चुलत काका गेली तीस वर्षं सांगत आलेत. आडनाव बदललं असणार हे मला मान्यच आहे. सरदारकीचं मात्र जरा बघावं लागतं.

कुलकर्णी हा हुद्दा. गावाचा जमाखर्च लिहिणारा तो कुलकर्णी, मग गोत्र कुठलंही असो. हजार गावांत हजार कुलकर्णी, आणि एकमेकांचे कोणी नव्हेत. जुन्या कागदात तर आडनावाला शब्दच 'उपनाम' असा आहे. माणूस ओळखला जायचा तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. उपनाम काय, गरजेप्रमाणे बदलायचं.

काका उदाहरणं देतात ती खोटी नाहीत. विंचूरकर मूळचे दाणी, विंचूरची जहागीर मिळाली म्हणून विंचूरकर. आंगरे मूळचे संकपाळ, आंगरवाडीवरून आंगरे. नाना फडणवीस भानू. गोविंदपंत खेर बुंदेलखंडात गेले आणि १७६० मध्ये पानिपताच्या आधी मारले गेले तेव्हा जग त्यांना बुंदेले म्हणून ओळखत होतं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे, आणि साताऱ्याच्या शाळेत १९०० साली नाव लागलं ते आंबेडकर.

पण ही सगळी उदाहरणं आपल्याला माहीत आहेत ती माणसं मोठी झाली म्हणून. बाकीच्या लाखो घरांत बदल असेच झाले, फक्त कोणी लिहून ठेवले नाहीत. शिवाय संकपाळ, सकपाळ ही आडनावं एकाहून जास्त जातींत आहेत, तेव्हा नुसतं आडनाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही. म्हणून प्रसिद्ध टोकाकडून खाली यायचं नाही. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पायरी मागे जायचं.

पहिली पायरी गोत्र आणि कुलदैवत. ही दोन्ही जुळली म्हणजे नातं सिद्ध झालं असं नाही, पण गोत्रच वेगळं निघालं तर तिथेच थांबायचं. काकांच्या सरदारांचं गोत्र वेगळं निघालं. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरी पायरी नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेला माणूस आपल्या हाताने नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं आणि गाव लिहून देतो. आमचे उपाध्ये सापडायला दोन फेऱ्या झाल्या (गाव सांगितलं की सापडतात, आडनाव सांगून उपयोग नाही). शके १७९५, म्हणजे १८७३ सालची नोंद खापरपणजोबांची, मोडीत. मला मोडी अडखळत येते, गुरुजींनी घडाघडा वाचली. 'कुलकर्णी मौजे टेंभुर्णी.' खाली धाकट्या भावाचं नाव. त्या भावाबद्दल घरात कधी चकार शब्द ऐकलेला नाही.

मग गुरुजींनीच आणखी पानं उलटली. शके १८२१, म्हणजे १८९९. त्या भावाच्या मुलाची नोंद: 'उपनाम टेंभुर्णीकर, पूर्वी कुलकर्णी, हल्ली वस्ती ग्वाल्हेर.'

दोन मिनिटं मी नुसताच त्या पानाकडे बघत बसलो. मग उलगडलं. वतन थोरल्याकडे राहिलं, ते कुलकर्णी राहिले. धाकटा पोटासाठी शिंद्यांच्या मुलखात गेला. टेंभुर्णीत कोणी कुणाला टेंभुर्णीकर म्हणत नाही, ते नाव गाव सोडल्यावरच लागतं. आणि परमुलखात कुलकर्णी म्हणवून घेऊन करायचं काय, लिहायला गावच नाही! आडनाव बदललं होतं खरं, पण आमचं नाही, त्यांचं. मूळ आडनाव शोधत आम्ही मागे मागे जात होतो आणि अर्धं घराणं शेजारच्या ओळीत निराळ्या नावाने उभं होतं.

गंमत म्हणजे ज्या वतनासाठी आम्ही हे नाव धरून ठेवलं ते १९५१ साली मुंबई राज्यात कायद्याने संपलं. नाव तेवढं राहिलं. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१८ लाच कुलकर्णी वतनं काढून टाकली होती, आणि सगळ्या गावाची नोंद एका घराच्या मुठीत होती हे पाहता त्यात काही चूक वाटत नाही. जुन्या महजरांवर पाटलाची निशाणी नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची अवजारं. मजकूर मात्र कुलकर्ण्याच्या हातचा. आज मला दीडशे वर्षं मागे जाता येतं ते त्या लेखणीच्या जोरावर, हे विसरून चालणार नाही. गावात ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांच्या पणतवंडांनी कुठली वही उघडायची?

असो. काकांना फोन केला. सरदार गेले ते गेले, पण ग्वाल्हेरचं ऐकून ते उठूनच बसले म्हणे.

तर नातेवाईक मंडळी, आणि वाचणारे इतरही, ग्वाल्हेर, उज्जैन, इंदूर, कुठेही टेंभुर्णीकर भेटले तर आधी गोत्र विचारा. आमचं भारद्वाज. कुलदैवत तुळजापूरची भवानी. जुळलं तर मला कळवा, मी गाडीचं तिकीट काढतो.