दोनशेला विकला, तीस हातात आले

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

तुमच्या मोबाइलवर आपल्या पॉडकास्टचं जे कव्हर दिसतंय ना, ते माझ्या मामेबहिणीने काढलंय. तेव्हा ती आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी चार वेळा बदल करून घेतले. पैशांचा विषय निघाला तेव्हा म्हणालो, "अगं, सुरुवात आहे तुझी. नाव तर होईल!" आता परवा तिला पहिली बाहेरची ऑर्डर आली, एका कुटुंबाचं पोर्ट्रेट. तिचा मेसेज: "दादा, पैसे मागू का? की पहिलंच काम आहे म्हणून असंच करून देऊ?" उत्तर टाइप करताना माझा अंगठा अडकला. काय तोंडाने सांगणार?

मग मी सरळ मायकेलअँजेलो काढला वाचायला. तो थोर होता म्हणून नाही. तो नवखा असतानाचे त्याच्या पैशांचे काही कागद आजही वाचायला मिळतात म्हणून.

पहिला कागद 1488 चा. फ्लोरेन्समध्ये गिर्लांदायो नावाच्या चित्रकाराकडे हा तेरा वर्षांचा पोरगा तीन वर्षांसाठी शिकायला राहिला. वडिलांनी करार केला. त्यात लिहिलंय की उस्तादाने पोराला पहिल्या वर्षी 6, दुसऱ्या वर्षी 8 आणि तिसऱ्या वर्षी 10 फ्लोरिन द्यायचे. म्हणजे एकूण 24. शिकाऊ पोरगा, आणि वर्षागणिक वाढ! (पुढे मायकेलअँजेलोच्या एका चरित्रकाराने गिर्लांदायोने त्याला काहीच मदत केली नाही असं लिहिलं, तेव्हा वासारी नावाच्या दुसऱ्या चरित्रकाराने ही नोंदच छापून टाकली. स्क्रीनशॉट टाकायची सवय जुनी आहे.)

आता क्युपिडची गोष्ट. वीस-एकवीस वर्षांचा असताना त्याने झोपलेल्या क्युपिडची संगमरवरी मूर्ती केली. मेदिची घराण्यातल्या एकाने सुचवलं, ही जुनीपुराणी वाटेल अशी कर, रोममध्ये भाव येईल. त्याने केली. बाल्दास्सारे नावाच्या दलालाने ती प्राचीन म्हणून कार्डिनल रिआरिओला 200 डुकाटला विकली. मायकेलअँजेलोच्या हातात किती आले? 30.

फसवाफसवीत तोही सामील होता, तेव्हा फार कळवळायला नको. पण आकडे बघा. वस्तू तीच, हात तोच. फक्त "एका नवख्या पोराने केलीय" एवढी माहिती लपवली, तर किंमत 200. कार्डिनलला खोटेपणा कळला आणि त्याने पैसे परत घेतले. मायकेलअँजेलो रोमला आला, दलालाकडे गेला आणि म्हणाला, तुझे पैसे घे, माझी मूर्ती दे. दलालाने काय उत्तर दिलं ते त्याने 1496 च्या जुलैमध्ये पत्रात कळवलंय: शंभर तुकडे करीन, पण परत देणार नाही.

पुढचं वर्ष मला सगळ्यात ओळखीचं वाटलं. त्याच कार्डिनलने त्याला काम दिलं. त्याने मद्याचा देव बॅकस घडवला, पण ती मूर्ती कार्डिनलकडे राहिलीच नाही, शेवटी याकोपो गाल्ली नावाच्या एका सावकाराच्या बागेत जाऊन उभी राहिली. 1 जुलै 1497 ला तो वडिलांना लिहितो की कार्डिनलशी हिशोब मिटलेला नाही, केलेल्या कष्टाचे पैसे घेतल्याशिवाय मी रोम सोडणार नाही, आणि या मोठ्या लोकांशी सबुरीने घ्यावं लागतं, त्यांना रेटता येत नाही. फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल.

दुसऱ्याच महिन्यातलं पत्र आणखी बोलकं आहे. पिएरो दे मेदिचीने मूर्ती सांगितली होती, याने संगमरवरही घेतला, पण पिएरोने शब्द पाळला नाही म्हणून कामाला हातच लावला नाही. मग स्वतःच्या आनंदासाठी एक मूर्ती करायला घेतली. त्यासाठी 5 डुकाटचा दगड आणला, तो खराब निघाला. पुन्हा 5 डुकाट घालून दुसरा आणला.

इथे मी जरा थांबलो. फुकट काम त्यानेही केलंच की! पण दगड स्वतःचा, विषय स्वतःचा, आणि चार वेळा बदल सांगणारा कुणी नाही. दुसऱ्याच्या ऑर्डरीला मात्र व्यवहार झाल्याशिवाय छिन्नी लावली नाही.

आणि मग 27 ऑगस्ट 1498 चा करार, 'पिएता'चा. वय 23. गिऱ्हाईक म्हणजे रोममधला एक फ्रेंच कार्डिनल. किंमत 450 डुकाट, दगडाचा खर्च याचा, काम एका वर्षात पुरं करायचं. काम सुरू होण्याआधी 150 विसार, नंतर दर चार महिन्यांनी 100. आणि जामीन कोण? तोच बागवाला गाल्ली. त्याने कार्डिनलला लिहून दिलं की आज रोममध्ये असलेल्या संगमरवरी कामांत हे सगळ्यात सुंदर होईल. हे वाक्य सगळे सांगतात. त्याच्या पुढचं फारसं कुणी सांगत नाही: गाल्लीने मायकेलअँजेलोलाही हमी दिली की कार्डिनल ठरल्याप्रमाणे पैसे देईल.

माझ्या मते खरी गोष्ट या दुसऱ्या हमीत आहे. क्युपिडच्या वेळी मधला माणूस खोटं बोलून वरचे 170 लाटणारा होता, पिएताच्या वेळी मधला माणूस दोन्हीकडून जामीन राहणारा. पोराच्या हातातली कला दोन वर्षांत वाढली असेल, पण पंधरापट नक्कीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, दादा, प्रत्येकाला गाल्ली कुठून मिळणार? बरोबर आहे. पैसे मागितल्यावर ऑर्डर जाऊही शकते, पिएरोची गेलीच ना. मामेबहिणीला मी हे लपवलं नाही. तिला लिहिलं: आकडा तूच सांग. रंग-कॅनव्हासचा खर्च धर, एक तृतीयांश आधी घे, आणि किती बदल करून देणार ते मेसेजमध्ये लिहून ठेव. लोक नाही म्हणाले तर त्या आठवड्यात स्वतःला हवं ते चित्र काढ. गरज पडली तर त्या कुटुंबाशी मी बोलतो, जामीन म्हणून.

दोन निळ्या टिका आल्या. मग तिचा रिप्लाय: "आणि कव्हरचं?"

म्हटलं, बिल पाठव, चारही बदल धरून. अजून आलेलं नाही. हिशोब चाललाय म्हणे.