औषधाला उतारा

आमच्या आंधळगावात कोशाचे माग चालतात, भोवती धान पिकते. कोशाची अळी ऐनाचा तुरट पाला पचवून रेशीम देते. झाडे पानात विष साठवत आली, तसे किडेही ते निकामी करणारी विकरे अंगात बाळगत आले. हा झगडा माणसाहून फार जुना आहे.

आपण त्यात उशिरा पडलो. १९३९ साली पॉल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तोवर स्वीडनमधल्या घरमाश्या डीडीटीला जुमानेनाशा झाल्या होत्या! अशा माश्यांमधले एक विकर डीडीटीतला क्लोरीन काढून त्याचा डंख मोडते. पुढे, २००५ च्या सुमारास, आशियातल्या धानावरचे तपकिरी तुडतुडे इमिडाक्लोप्रिड पचवू लागले.

फवारा किड्याला शिकवत नाही, निवडतो. ज्यांच्यात विकर जास्त, तेच उरतात आणि वाढतात. मात्रा वाढवली, तर तुडतुडे खाणारे कोळी आधी मरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, मजूर दगावले.

तुडतुड्याच्या वर्षात अनेक पिढ्या होतात. माणसाला आयुष्य एकच. आम्ही अजून ‘औषध मारा’ म्हणतो. निदान विषाला विष तरी म्हणू या.