जमखंडीचा विद्यार्थी ऑक्सफर्डमध्ये

बेळगाव-निपाणीचा मुलूख हा दोन भाषांच्या संगमाचा मुलूख. घरात मराठी आणि बाजारात कानडी, किंवा याच्या उलट, हा येथील कितीतरी कुटुंबांचा नित्याचा व्यवहार. या मुलखाच्या पूर्वेस, कृष्णेच्या खोऱ्यात, जमखंडी हे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे गाव. तेथे २३ एप्रिल १८७३ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म झाला. घर मराठी व वारकरी वळणाचे, भोवतालचा मुलूख कानडी. परभाषिक शेजाऱ्याशी आपलेपणाने कसे राहावे, हा पाठ त्यांना लहानपणीच मिळाला.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते पदवीधर झाले आणि प्रार्थनासमाजाकडे वळले. १९०१ च्या सप्टेंबरात ते विलायतेस निघाले. शिष्यवृत्ती युनिटेरियन मंडळाची होती. प्रवासास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य होते. त्या काळी विलायतेस जाणारा तरुण बहुधा बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन परतण्याची आकांक्षा बाळगी. शिंदे मात्र इतरांचा धर्म व जीवन समजून घेण्यासाठी गेले.

ऑक्सफर्डमधील ज्या मँचेस्टर कॉलेजात ते दाखल झाले, त्याचा इतिहासही बोधप्रद आहे. राजमान्य पंथाबाहेरील ख्रिस्ती मंडळींना इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत पूर्ण वाव नव्हता, म्हणून १७८६ साली मँचेस्टर शहरी ही संस्था निघाली. धर्मकसोटीचे निर्बंध १८७१ च्या कायद्याने दूर झाल्यावर, १८८९ साली ती ऑक्सफर्डला आली. ज्यांनी बंद दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख भोगले, त्यांनीच परधर्मीय विद्यार्थ्यासाठी आपले दार उघडले!

तेथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या विद्वानांकडून शिंदे यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. पण त्यांचे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत संपले नाही. गरीब वस्त्यांत चालणारे युनिटेरियनांचे सेवाकार्य त्यांनी जवळून पाहिले आणि तिकडील जीवनाची हकीकत ‘सुबोध पत्रिके’तून मराठी वाचकांना कळविली. १९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत निबंध वाचून ते स्वदेशी परतले.

या विद्येचे फळ कोणते? १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापिली. पुढे पुणे, हुबळी येथेही कार्य पसरले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यताविरोधी ठराव केला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा अस्पृश्यतानिवारण हा राष्ट्रकार्याचा भाग ठरलेला होता. आणि १९२५ च्या एप्रिलात निपाणीच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, ते डॉ. आंबेडकरही न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेले विद्यार्थीच होते. दोघांचे मार्ग भिन्न, पण परदेशची विद्या दोघांनीही स्वतःच्या चैनीसाठी वापरली नाही.

शिंदे यांनी उत्तरायुष्यात मराठी व कानडी यांच्या नात्याचाही शोध घेतला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या मुलखात भाषेच्या नावाने पुष्कळ कटुता साचली. आपल्या भाषेचा अभिमान धरणे योग्यच आहे; परंतु सातासमुद्रापलीकडील माणसाचे अंतःकरण जाणून घेणाऱ्या या जमखंडीकराचे स्मरण करताना, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची ओळख आपण कितपत करून घेतली, हेही प्रत्येकाने मनाशी विचारावे.