हेतू, हुकूम आणि तिमाही पत्रक

हल्ली मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत 'डायव्हर्सिटी' आणि 'इन्क्लूजन' हे दोन शब्द हमखास असतात. भिंतीवर फलक लागतात, वर्षातला एखादा दिवस साजरा होतो, भाषणं होतात. बोलणाऱ्यांचा हेतू खोटा असतो असं आम्ही म्हणणार नाही. सद्हेतूचं मोल काय, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं आहे. पण चांगला हेतू आणि खरोखर बदललेली कचेरी यांच्यात जे अंतर असतं, ते कशानं तुटतं? उत्तर शोधायला फार लांब जायला नको. कोल्हापूरपर्यंत गेलं तरी पुरे.

एप्रिल १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ जागा होत्या आणि त्यांतल्या ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे होत्या जेमतेम १०. इतर जातींना येऊ नका असं सांगणारा कुठलाही कायदा नव्हता. तशी गरजच नव्हती. कारकुनाची जागा रिकामी झाली की तिथल्याच कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या हजर असायचा, आणि तो लिहायला-वाचायला शिकलेलाही असायचा. व्यवस्था आपली आपण चालू राहते ती अशी. तिला कुणाचा दुष्ट हेतू लागत नाही.

२६ जुलै १९०२ रोजी तो प्रसिद्ध हुकूम निघाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं इंग्लंडात होते. हुकूम पोचल्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मागासलेले म्हणजे कोण, तेही त्यात सांगितलं होतं: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे. ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असंही होतं. आणि शेवटी, बहुतेक व्याख्यानांत राहून जातं असं एक कलम होतं. प्रत्येक खातेप्रमुखानं या हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक सादर करायचं.

आम्हाला विचाराल तर त्या हुकुमाचा प्राण या शेवटच्या ओळीत आहे. खातेप्रमुखाच्या मनात काय आहे, हे दरबारानं विचारलं नाही. तीन महिन्यांत कुणाला घेतलं, एवढंच विचारलं. मन बदलायला पिढी लागते, पत्रक भरायला एक दुपार पुरते. आणि दर तीन महिन्यांनी ते भरावंच लागणार असेल, तर माणूस पुढची जागा भरताना जरा थांबतो. १९१२ पर्यंत प्रशासनातल्या जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण अधिकारी ३५ होते. १८९४ च्या मानानं एवढा फरक पडला.

इथं आमची एक कबुली. नोकरीत असताना आम्ही निवड समित्यांवर बसलो. बिंदुनामावली समोर असायची, राखीव जागा लाल शाईनं दाखवलेली असायची. मुलाखती व्हायच्या आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य लिहिलं जायचं: योग्य उमेदवार मिळाला नाही. त्याखाली आम्हीही सह्या केल्या आहेत. समितीत कुणी दुष्ट नव्हतं. उलट समतेवर बोलणारेच जास्त होते, आम्ही धरून. पण ती जागा पुढच्या वर्षी अनुशेषात गेली, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथंच राहिली, आणि आम्हाला जाब कुणी विचारला नाही. आम्हीही स्वतःला विचारला नाही. पुढं त्या हुकुमाचं शेवटचं कलम वाचलं तेव्हा ती सही आठवली.

'योग्य उमेदवार मिळत नाही' हे वाक्य कोल्हापुरातही ऐकू आलंच असणार. महाराजांनी त्यावर वाद घातला नाही, उमेदवार तयार करायची सोय केली. हुकुमाच्या आदल्या वर्षीच, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची वसतिगृहं निघाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. म्हणजे बघा, एका टोकाला रिकामी जागा, दुसऱ्या टोकाला खेड्यातला मुलगा, आणि मधला रस्ता बांधायचं काम दरबारचं. हा रस्ता न बांधता नुसतं दार उघडलं, तर दारापर्यंत पोचतो कोण?

बरं, दारातून आत आलं म्हणजे सगळं झालं का? तसंही नाही. गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. ते महाराजांच्याच पागेत नोकरीला होते. तिथल्या सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना सहकाऱ्यांनी बेदम मारलं. महाराज त्या वेळी गावात नव्हते. राज्यभर सुधारणेचे हुकूम निघत होते आणि खुद्द राजाच्या पागेत पाण्याला शिवण्याची सोय नव्हती! परतल्यावर महाराजांनी गंगारामांना चहाचं दुकान काढायला मदत केली, आणि तिथं जाऊन ते स्वतः चहा प्यायले. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींनाही कप हातात घ्यावा लागला.

पण एका माणसाचं दुकान निघालं म्हणून कचेऱ्या बदलत नाहीत. १९१९ मध्ये आणखी एक हुकूम निघाला. दरबारच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना अधिकाऱ्यांनी प्रेमानं आणि बरोबरीनं वागवावं. ज्याला हे जमणार नसेल, त्यानं सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. १९०२ च्या हुकुमानं मोजदाद आणली होती. या हुकुमानं वागणुकीची किंमत ठरवली, आणि ती वागणाऱ्याच्या खिशातून.

कोल्हापुरात निदान जाब विचारणारा राजा होता. जिथं तो नसतो तिथं काय होतं, ते त्याच काळातल्या मुंबईत दिसतं. कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, पण बहुतेक रिंगखात्यात. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त आणि तिथंच त्यांना मज्जाव. कारण काय? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं, आणि उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार उतरले होते. मागण्यांच्या यादीत ही तक्रार नव्हती. डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला तेव्हा पुढाऱ्यांनी नाइलाजानं ती घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. ते अगदीच खोटं बोलत नव्हते! मालक कामगारांकडे बोट दाखवणार, कामगार रूढीकडे. एकजुटीच्या घोषणा होत्याच. पण साचाखात्यात कितीजण आले, हे दर तिमाहीला विचारणारं कुणी नव्हतं, आणि उत्तर न देणाऱ्याचं काही जातही नव्हतं.

म्हणून आज एखाद्या कंपनीचा फलक वाचताना आपण त्यावरच्या शब्दांशी भांडायला नको. चार साधे प्रश्न विचारावेत. मोजतं कोण आणि किती दिवसांनी? उमेदवार यावेत म्हणून आधी काय केलं? आत आलेल्याला कामाच्या ठिकाणी सगळ्यांबरोबर पाणी पिता येतं का? आणि हे झालं नाही तर नुकसान कुणाचं होतं? चौथ्या प्रश्नाला उत्तर 'कुणाचंच नाही' असं आलं, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं ऐकायची गरज उरत नाही.

आम्ही त्या समितीत होतो तेव्हा आमचं काहीही गेलं नाही. गेलं ते ज्याला नेमणुकीचं पत्र मिळालं नाही, त्याचं. त्याचं नावही आज आम्हाला आठवत नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.