नोटीस काढायची कुणी? ‘द’ या एका शब्दाची गोष्ट

इंग्रजीतला ‘द’ मराठीत आणताना आपण सरळ गाळतो. पण याच ‘द’मुळे २०२१ साली कस्टम्सच्या देशभरातल्या नोटिसा अडचणीत आल्या होत्या. विषय जरा किचकट आहे, पण समजून घेण्यासारखा आहे.

कस्टम्स कायदा १९६२ चा. त्याचं कलम २८ सांगतं की आयात मालावर ड्युटी कमी भरली असेल, तर ‘प्रॉपर ऑफिसर’ने कारणे दाखवा नोटीस काढून ती वसूल करावी. (फौजदारी खटला ही वेगळी गोष्ट. त्याला कलम १३७ प्रमाणे आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते.) आता हा प्रॉपर ऑफिसर नेमका कोण? कागद तपासून माल सोडणारा, की मागाहून चोरी शोधून काढणारा?

पहिला दणका बसला तो मुंबईच्याच एका प्रकरणात. नोटीस होती कस्टम्सच्या प्रिव्हेंटिव्ह विभागाची. १८ फेब्रुवारी २०११ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्याच्याकडे ड्युटी आकारणीचं काम सोपवलंय त्यालाच हा अधिकार, बाकीच्यांना नाही.

सरकारने काय केलं? ६ जुलै २०११ ला अधिसूचना काढून डीआरआयच्या, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना अधिकार दिले. सप्टेंबरमध्ये कायदाच बदलला: जुन्या अधिकाऱ्यांना हा अधिकार पहिल्यापासून होताच असं समजावं! मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये ही दुरुस्ती मान्य केली. दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्ये मंगली इम्पेक्स प्रकरणात उलटा निकाल दिला. म्हणजे कायदा एकच, पण मुंबईत एक अर्थ आणि दिल्लीत दुसरा.

मग आलं कॅनन इंडियाचं प्रकरण. कॅमेऱ्यांवरची ड्युटी माफ होती की नाही हा मूळ वाद. नोटीस काढली होती डीआरआयने. ९ मार्च २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे (आपले नागपूरचे) यांच्या खंडपीठाने बोट ठेवलं ते ‘द’वर. कायद्यात ‘द प्रॉपर ऑफिसर’ लिहिलंय, म्हणजे कुणीही अधिकारी नव्हे. ज्याने माल सोडला तोच. डीआरआयची नोटीस रद्द! पाठोपाठ हायकोर्टांमध्येही अशा नोटिसा रद्द होऊ लागल्या.

सरकारने फेरविचार याचिका टाकली आणि २०२२ च्या वित्त कायद्यात पुन्हा मागच्या तारखेपासून दुरुस्ती केली. ७ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल फिरवला. १९९९ चं परिपत्रक आणि २०११ ची अधिसूचना आधीच्या खंडपीठापुढे आलीच नव्हती, असं कोर्टाने नोंदवलं. डीआरआयचे अधिकारी प्रॉपर ऑफिसर ठरले, २०२२ ची दुरुस्ती टिकली आणि दिल्लीचा निकाल गेला.

‘ही सगळी वकिली पळवाट’ असं म्हणणारे भेटतील. अधिकाराच्या मुद्द्यावर ड्युटी बुडवणारेही सुटले असते, हे मान्यच करायला हवं. पण सही करणाऱ्याला अधिकार आहे का, हे विचारणं म्हणजे पळवाट नव्हे. सरकार आपल्या दारात येतं तेव्हा नागरिकाचा पहिला प्रश्न तोच असतो.

आणि हिशेब बघा. आयातदाराचा कागद चुकला तर दंड. सरकारचा चुकला तर मागच्या तारखेपासून कायदा. एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला २०११ ते २०२४ अशी तेरा वर्षं गेली. ते उत्तर मुळात कायदा लिहितानाच एका ओळीत देता आलं नसतं का?