लांब होत गेलेली लाठी

गोमतीकाठच्या लखनौ विद्यापीठाच्या मैदानावर आजवर एकच कसोटी सामना झाला आणि तो आपण पाकिस्तानकडून एक डाव ४३ धावांनी हरलो. २३ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेला हा सामना २६ तारखेला संपला. लखनौच्या लोकांनी तो लवकरच मनाआड केला. आमच्या घरात मात्र तो पुढं कित्येक वर्षं चालू होता, कारण माझे काका शाळकरी वयात तो पाहायला गेले होते आणि मोठेपणी खेळांचे बातमीदार झाले.

आजोबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, बदली होऊन लखनौला आले ते तिथलेच झाले. त्या काळी लखनौत मराठी माणूस भेटला की तो गाण्यापायी आलेला असणार, असं लोक धरून चालत. भातखंड्यांनी १९२६ मध्ये इथं मॅरिस कॉलेज सुरू केलं आणि पुढं श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते नावारूपाला आणलं. त्या वाऱ्यात आमच्या वडिलांना आणि आत्याला पेटीसमोर बसवलं गेलं. काकांनाही बसवलं होतं. त्यांचा सा नेमका कुठं आहे हे गुरुजींना शेवटपर्यंत सापडलं नाही, म्हणून त्यांची सुटका झाली आणि ते मैदानाकडे पळाले. आजी म्हणायची, "सरस्वतीनं हाकललं, मारुतीनं ठेवून घेतलं."

काका एका हिंदी दैनिकात होते. कुडत्याच्या एका खिशात लाल-निळी पेन्सिल, दुसऱ्यात पानाचा डबा, सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत वही. सकाळी स्टेडियम, दुपारी हजरतगंजचं कॉफी हाऊस, संध्याकाळी ऑफिस. कॉफी हाऊसमध्ये आमदार, प्राध्यापक, शायर आणि बेकार असे सगळे एकाच टेबलाला बसत आणि काकांच्या मते त्यांतले बेकारच तेवढे ताज्या माहितीचे असत. रविवारी काही निघालं, तर समोरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन करावा लागे. ऑफिसच्या माणसाला ऐकू जावं म्हणून काका इतक्या मोठ्यानं आकडे सांगत की सामन्याचा निकाल पेपरात छापून येण्याआधी दवाखान्यातल्या रोग्यांना कळलेला असे. घरी मराठी, ऑफिसात हिंदी आणि रागावले की अस्सल लखनवी उर्दू. शिवी देतानाही समोरच्याला 'आप' म्हणत.

१९५२ चा सामना ते जेवण झाल्यावर सांगायला घेत. आधी दिल्ली. पहिल्या कसोटीत विनू मंकडनं १३ बळी घेतले आणि पाकिस्तानला आपण डावानं हरवलं. "मग लखनौला मंकड नाही, हजारे नाही, हेमू अधिकारी नाही," असं म्हणून ते एकेक बोट मुडपत. मैदानात तागाची मॅट अंथरलेली. मॅटवर चेंडू टप्पा घेऊन चावतो, आणि समोर कोण? फझल महमूद. इथं ते थांबत. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारताच्या संघात निवडलेला हा लाहोरचा पोरगा फाळणीमुळं गेला नाही. त्या संघाचा कर्णधार लाला अमरनाथ, आणि लखनौलाही कर्णधार अमरनाथच. पलीकडचा कर्णधार कारदार, तो १९४६ मध्ये भारताकडून इंग्लंडात खेळून आलेला. "म्हणजे बघा," काका म्हणत, "घरातलीच भांडणं होती सगळी."

फझलनं पहिल्या डावात ५२ धावांत ५ आणि दुसऱ्यात ४२ धावांत ७ बळी घेतले. आपण १०६ आणि १८२. अमरनाथ नाबाद ६१ वर एकटे उरले. पाकिस्तानच्या ३३१ मध्ये नझर महंमदच्या नाबाद १२४, त्या देशाचं पहिलं कसोटी शतक. तो सलामीला आला आणि शेवटचा गडी बाद झाला तरी उभाच होता. काकांनी हा सामना गणिताच्या चौकटीच्या वहीत टिपला होता. ती वही मी पाहिली आहे. चौकार लाल, बाकी धावा निळ्या. नझरच्या नावापुढची ओळ पानात मावली नाही म्हणून त्यांनी दुसरा कागद कापून खळीनं जोडलाय, तोही पुरला नाही म्हणून तिसरा. त्या पट्ट्या घडी घालून आत वळवल्या आहेत. उलगडल्या की वहीच्या बाहेर वीतभर येतात. एका मुलानं प्रतिस्पर्ध्याच्या ८ तास ३५ मिनिटांच्या खेळीला दिलेली ही जागा आहे.

सामना संपल्यावर लोक भडकले. आपल्या खेळाडूंच्या बसवर दगड आले आणि अमरनाथांनी पोलिसाच्या हातची लाठी हिसकावून गर्दीला सामोरं जाऊन तिला पांगवलं, असं काका सांगत. लहानपणी ऐकली तेव्हा ती लाठी हातभर होती. मी कॉलेजात जाईपर्यंत ती पुरुषभर झाली, पुढं तिला पितळी टोपणही आलं. आत्या म्हणायची, "अरे, मागच्या दिवाळीला तर साधी बांबूची होती!" काका शांतपणे पान लावत. "अमरनाथांची आहे, वाढणारच."

लाठी वाढली तरी त्यांच्या कोणत्याही गोष्टीत धाव किंवा गोल एकानंही वाढला नाही. माणसं मात्र ते मोकळ्या हातानं मोठी करत.

सगळ्यात मोठे केले ते हॉकीपटू कुंवर दिग्विजय सिंह ऊर्फ बाबू यांना. बाराबंकीचे हे बाबू म्हणजे लखनौचं दैवत. १९४७ च्या पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यात बाबूंचे ७० गोल आणि ध्यानचंदांचे ६२, हे काकांनी आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं. पण बाबू काय करत ते आकड्यांत सांगता येत नाही म्हणून काका अंगणात उतरत. काकूची छत्री उलटी धरायची, मूठ खाली. चेंडूऐवजी आवळा. मग नळापासून तुळशीपर्यंत तो आवळा छत्रीच्या वाकड्या मुठीला चिकटून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. "पाय एकीकडे, खांदा दुसरीकडे, चेंडू तिसरीकडे. बचाव करणारा कुठं जाईल?" बचाव करणारा मी असे. मी तुळशीकडे जाई, आवळा मोरीत. काकू ओरडे, "छत्री मोडली तर पावसात तुमच्या बाबूंनाच धरायला बोलवीन."

१९५२ च्या जुलैत हेलसिंकीला बाबूंच्या संघानं नेदरलँड्सला ६-१ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. त्याच्या आदल्याच दिवशी तिथंच कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं होतं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. काका हे दोघं एका दमात सांगत. लखनौत त्यांना खाशाबा कोण हे समजावून सांगावं लागे, आणि सुट्टीत साताऱ्याकडे आले की बाबू कोण हे. दोन्हीकडे ते तितक्याच जोरानं सांगत आणि दोन्हीकडे मंडळी जांभई देत. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. बाबूंना १९५३ मध्ये हेल्म्स ट्रॉफी मिळाली, १९५८ मध्ये पद्मश्री. पण १९७८ च्या मार्चमध्ये स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून ते गेले. त्या दिवशी काका उशिरा घरी आले आणि जेवले नाहीत. लोक नाना तर्क लढवत होते. काकांनी लिहिलं ते फक्त बाबूंच्या चेंडूवरच्या ताब्याबद्दल. पुढं शहरातल्या स्टेडियमला बाबूंचं नाव दिलं गेलं.

दहा वर्षांनी, २८ जुलै १९८८ ला, त्याच स्टेडियमच्या बाहेर सय्यद मोदीला गोळ्या घातल्या गेल्या. १९८० पासून सलग आठ वर्षं बॅडमिंटनचा राष्ट्रीय विजेता, १९८२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला, सराव आटोपून बाहेर पडत होता. पुढचे कित्येक महिने पेपरांना त्या प्रकरणाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. वाचकांना भानगड हवी होती आणि ती भरपूर पुरवली जात होती. काकांना त्यावर लिहायला सांगितलं गेलं तेव्हा ते म्हणाले, "हमने इनका खेल देखा है, घर नहीं देखा." त्यांनी लिहिला तो मोदीच्या मनगटावरचा लेख. तो आतल्या पानावर तळाशी छापून आला.

काकांची खरी रीत इथं कळते. जिंकलेल्याबद्दल लिहिणारे पुष्कळ असतात, असं ते म्हणत. हरलेल्याकडे, मागं राहिलेल्याकडे आणि ज्याला अजून कोणी खेळाडूच मानत नाही त्याच्याकडे बातमीदारानं चालत जायला हवं. १९७३ मध्ये लखनौत महेंद्रकुमार शर्मा नावाच्या गृहस्थांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली. ते रिक्षात बसून, भोंग्यावरून मुलींच्या क्रिकेटची हाळी देत फिरत, असं काका हसत हसत सांगत. कॉफी हाऊसमध्ये त्यावर दिवसभर विनोद चालले. काका गेले आणि नेहमीची वही घेऊन बसले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्याला महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. ऑफिसनं पाठवायला नकार दिला म्हणून काका रजा टाकून, स्वतःच्या पैशानं, आमच्या पुण्याच्या आत्याकडे उतरून ती स्पर्धा पाहून आले. घरच्यांना वाटलं, भाच्याच्या मुंजीला आलेत.

जानेवारी १९९४ मध्ये लखनौला पुन्हा कसोटी आली, बाबू स्टेडियमवर, श्रीलंकेविरुद्ध. तेंडुलकरच्या १४२, सिद्धूच्या आठ षटकारांसह १२४, कुंबळेचे ११ बळी, आणि भारताचा एक डाव ११९ धावांनी विजय. एक्केचाळीस वर्षांनी हिशेब चुकता झाला म्हणून शहर खूश. काकांनी आपल्या बातमीत दोन परिच्छेद श्रीलंकेच्या एकवीस वर्षांच्या मुरलीधरनला दिले. आपल्या ५११ मध्ये त्यानं पाच बळी घेतले होते, तेही सिद्धूकडून मार खात खात. डेस्कवर ते दोन्ही परिच्छेद उडाले आणि तिथं षटकारांचा फोटो लागला. दुसऱ्या दिवशी काकांनी पेपर घडी घालून ठेवला आणि मला म्हणाले, "अरे, ज्याला मारलं तो कोण होता हे सांगितल्याशिवाय षटकार कसा कळणार?"

काका गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. मी रिकामपणी त्यांतले आकडे छापील नोंदींशी ताडून पाहू लागलो. बळी, धावा, गोल, तारखा, सगळं जागच्या जागी. पण फझलच्या चेंडूवर बाद झालेला फलंदाज मॅटकडे कसा बघत राहिला, बाबू चेंडू अडवण्याआधी डोकं कोणत्या बाजूला झुकवत, पुण्याच्या मैदानावर मुलींचे सामने बघायला कोण कोण आलं होतं, यांतलं एक अक्षरही मला दुसरीकडे कुठं मिळालं नाही. काकांनीही ते लिहिलं नव्हतं. पेपरात जागा नव्हती आणि घरी आम्ही ऐकत होतो, तेवढं त्यांना पुरत होतं. आम्ही मात्र लाठीला हसण्यात रमलो आणि टिपून काहीच ठेवलं नाही.

प्रत्येक घरात असा एखादा माणूस असतो. तो दर वेळी गोष्ट थोडी वाढवून सांगतो म्हणून आपण त्याला मनावर घेत नाही. वाढवू द्या. धावफलक ग्रंथालयात मिळेल आणि वाढवलेलं नंतर छाटताही येईल. मैदानात उभं राहून पाहिलेलं मात्र त्याच्याबरोबरच जातं. येत्या दिवाळीत त्याच्यासमोर वही घेऊन बसा, आणि वर तारीख घालायला विसरू नका.